'एक्स्प्लेन मी' का चुकतं? खऱ्या वाक्यांतून इंग्रजीची बांधणी वाचताना

प्रश्न थोडक्यात असा: शिक्षण मराठी माध्यमातून झालं, नोकरी लोअर परळच्या ऑफिसात, दिवसाला वीसेक इंग्रजी मेल जातात. बाराही काळ पाठ आहेत, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह येतं, तरी साहेब मसुद्यात लाल खुणा करतात आणि कारण विचारलं की "असं म्हणत नाहीत" एवढंच सांगतात. मग कसं म्हणतात, हे शोधायचं कुठे आणि कसं?

साहेबांचं उत्तर तुटक आहे, पण खोटं नाही. अशा लाल खुणांतल्या बऱ्याचशा काळाच्या नसतातच. "वी हॅव डिस्कस्ड अबाउट युअर प्रपोजल" या वाक्यात काळ बिनचूक आहे. चुकली आहे ती 'डिस्कस' या एका शब्दाची मागणी. आपल्यामागे थेट नाम हवं की मध्ये 'टू', 'फॉर', 'विथ' हवा, 'दॅट'चं वाक्य चालेल की 'आयएनजी' लागेल, हे इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक क्रियापद स्वतः ठरवतं. शाळेत काळांचे तक्ते होतात, कारण काळ बारा आहेत आणि फळ्यावर मावतात. शब्दांच्या मागण्या फळ्यावर मावत नाहीत, म्हणून त्या राहून जातात.

मराठीत हे आपण बिनबोभाट सांभाळतो. मित्राला सांगतो, मित्राशी बोलतो, मित्रावर चिडतो, मित्राकडे मागतो, मित्रापासून लपवतो. 'मित्राशी सांगितलं' म्हटलं की चौथीतलं पोरही हसेल, आणि त्याला नियम विचारला तर सांगता येणार नाही. ऐकून ऐकून ते कानात बसलेलं असतं. इंग्रजी तेवढं कानावर पडत नाही. म्हणून एकाच शब्दाची पन्नास खरी वाक्यं गोळा करून एकाखाली एक लावायची आणि शब्दाच्या आजूबाजूला पुन्हा पुन्हा काय येतं ते पाहायचं.

पद्धतीकडे जाण्याआधी 'डिस्कस'चंच बघू, कारण त्या चुकीचं मूळ मराठीत आहे. आपण 'चर्चा' हे नाम घेतो आणि त्याला 'करणे' जोडतो. नामाला लागणारं 'वर' किंवा 'विषयी' तसंच राहतं: प्रस्तावावर चर्चा केली. इंग्रजीतही 'डिस्कशन' या नामामागे 'ऑन' किंवा 'अबाउट' येतो. पण 'डिस्कस' हे क्रियापद वापरलं की तो गळतो: "वी डिस्कस्ड द प्रपोजल". ही एकट्या 'डिस्कस'ची लहर नाही. 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह', पण "आय रिक्वेस्टेड लीव्ह". 'ॲन ऑर्डर फॉर टेन चेअर्स', पण "वी ऑर्डर्ड टेन चेअर्स". 'एम्फसिस ऑन सेफ्टी', पण "ही एम्फसाइज्ड सेफ्टी". 'इन कॉन्टॅक्ट विथ द व्हेंडर', पण "प्लीज कॉन्टॅक्ट द व्हेंडर". विनंती करणे, मागणी करणे, भर देणे, संपर्क साधणे: मराठीत या सगळ्या नाम-क्रियापदाच्या जोड्या आहेत, आणि त्यातल्या नामाचं अव्यय आपण नकळत इंग्रजी क्रियापदाच्या गळ्यात बांधतो. मराठीत अशी जोडी दिसली की इंग्रजी क्रियापद तपासून बघा, चूक हमखास तिथेच सापडेल. मात्र आंधळेपणाने सगळीकडचे 'टू' आणि 'फॉर' छाटू नका. 'ॲन्सर'ला 'टू' लागत नाही, "ॲन्सर द मेल" बरोबर. त्याचाच भाऊ वाटणाऱ्या 'रिप्लाय'ला मात्र लागतो, "रिप्लाय टू द मेल".

दुसरी नेहमीची लाल खूण 'एक्स्प्लेन मी'ची. 'मला समजावून सांगा' यातला 'मला' सरळ 'मी' होऊन बसतो. 'टेल मी', 'गिव्ह मी', 'शो मी', 'सेंड मी' चालतं, मग 'एक्स्प्लेन मी' का नाही? यात एक ढोबळ पण उपयोगी वाटणी आहे. रोजच्या व्यवहारातली जुनी, आखूड क्रियापदं माणूस आणि वस्तू दोन्ही मध्ये काही न घालता घेतात: "सेंड मी द फाइल". लॅटिन-फ्रेंच वाटेने आलेली लांब क्रियापदं, म्हणजे एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, रिपोर्ट, अनाउन्स, डोनेट, ही माणसाआधी 'टू' मागतात: "एक्स्प्लेन द चार्जेस टू मी". अपवाद दोन्हीकडे आहेत. 'से' आखूड असूनही 'से मी' होत नाही, आणि 'प्रॉमिस' बाहेरून आलेलं असूनही "ही प्रॉमिस्ड मी अ रेज" बिनदिक्कत चालतं. म्हणून वाटणी डोक्यात ठेवावी, पण नोंद प्रत्येक शब्दाची वेगळी करावी.

नोंद करायला व्याकरणाची चिन्हं लागत नाहीत. मराठी प्रश्नार्थक शब्द त्याहून सोयीचे पडतात:

टेल – कोणाला – काय
एक्स्प्लेन – काय – टू कोणाला
प्रोव्हाइड – कोणाला – विथ काय
प्रोव्हाइड – काय – टू कोणाला
रिमाइंड – कोणाला – टू (काय करायला)
रिमाइंड – कोणाला – ऑफ (कशाची आठवण येते)

'रिमाइंड'च्या दोन ओळी नीट पाहा. "रिमाइंड मी टू कॉल हिम" म्हणजे फोन करायची आठवण कर. "ही रिमाइंड्स मी ऑफ माय अंकल" म्हणजे याला बघून काका आठवतात. शब्द तोच, बांधणी बदलली आणि अर्थही बदलला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली खऱ्या वाक्यांच्या संग्रहावरून शब्दकोश तयार झाला, तो १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्या कामाचा गाभा हाच होता की अर्थ आणि बांधणी जोडीने चालतात. म्हणून नुसता शब्द आणि त्याचा मराठी अर्थ लिहिलेल्या वह्या मेल लिहिताना उपयोगी पडत नाहीत.

आता वाक्यं आणायची कुठून. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात: खरं लिखाण आणि बोलणं निवडून, संगणकात शोधता येईल असं साठवलेलं. पहिला नावाजलेला संग्रह अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचा. १९६१ साली छापलेल्या मजकुरातून ५०० नमुने, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, एकूण दहा लाख शब्द. आपल्याकडे हे काम झालं कोल्हापूरला. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ सालच्या भारतीय इंग्रजीचा त्याच मापाचा संग्रह उभा केला, आणि जगभरचे अभ्यासक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' याच नावाने ओळखतात. पुढे आकडे वाढले. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस सुमारे दहा कोटी शब्दांचा आहे आणि त्यातला दहावा हिस्सा बोलण्याचा. समकालीन अमेरिकन इंग्रजीचा संग्रह शंभर कोटींच्या वर गेला आहे. हे दोन्ही इंटरनेटवर नाव नोंदवून मर्यादित प्रमाणात फुकट शोधता येतात.

पण ऑफिसच्या मेलसाठी स्वतःचा छोटा संग्रह जास्त कामाचा. तुमच्याच क्षेत्रातल्या कंपन्यांचे इंग्रजी वार्षिक अहवाल घ्या. त्यातलं भागधारकांना लिहिलेलं अध्यक्षांचं पत्र सगळ्यात चांगलं, कारण त्यात वाक्यं पूर्ण असतात आणि ती चार हातांखालून गेलेली असतात. बँकेत असाल तर रिझर्व्ह बँकेची पतधोरणाची निवेदनं घ्या. कोर्टाचे निकाल वकिलांनीच वापरावेत. तिथलं 'हिअरइनबिफोर' मेलमध्ये आलं की समोरच्याला नोटीस आल्यासारखं वाटतं. वर्तमानपत्राचे मथळे, जाहिराती, दुकानांच्या पाट्या आणि गाणी पूर्ण वगळा. मथळ्यात 'ए', 'द' आणि 'इज' गाळतात, घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात. त्यावरून बांधणी शिकलात तर मेल तारेसारखा दिसेल.

लाखभर शब्द जमले की सुरुवातीला पुरे. ते शोधायला अँटकॉन्क नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, जपानच्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी केलेला. तो तुमच्याच संगणकावर चालतो. हा मोठा फायदा आहे, कारण ऑफिसचे मेल कुठल्याही वेबसाइटवर चिकटवायचे नसतात. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत साठवा. पीडीएफमधून थेट उचललेला मजकूर बहुतेक वेळा बिघडतो: ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द दोन तुकडे होऊन येतो आणि शोधात सापडत नाही, पानाचा मथळा आणि पृष्ठक्रमांक वाक्याच्या मधोमध घुसतात. तेवढं आधी साफ करा.

शब्द टाकला की तो मधल्या रांगेत आणि त्याच्या डावी-उजवीकडचा मजकूर दोन्ही बाजूंना, अशा ओळी दिसतात. शब्दाच्या शेवटी तारांकन लावलं तर 'सजेस्ट', 'सजेस्ट्स', 'सजेस्टेड', 'सजेस्टिंग' सगळे एकदम येतात. त्यात 'सजेश्चन' हे नामही येतं. ते बाजूला काढा, नाहीतर नामाची बांधणी क्रियापदाच्या नावावर चढेल. मग उजवीकडच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या शब्दानुसार क्रम लावा. इथेच खरा उलगडा होतो. क्रम न लावता पन्नास ओळी वाचल्या तर वाचन होतं, बांधणी दिसत नाही. क्रम लावल्यावर 'सजेस्ट'च्या ओळी साधारण अशा गटांत पडतात (उदाहरणं नमुन्यादाखल रचलेली):

कॅन यू सजेस्ट | अ गुड ऑडिटर
वी सजेस्ट | अ शॉर्ट कॉल ऑन मंडे
शी सजेस्टेड | मूव्हिंग द लॉन्च टू जून
ही सजेस्टेड | टू द क्लायंट दॅट दे वेट
आय सजेस्ट | दॅट द व्हेंडर बी पेड फर्स्ट
द फिगर्स सजेस्ट | दॅट सेल्स हॅव पिक्ड अप
द सर्व्हे सजेस्ट्स | अ शिफ्ट इन डिमांड

आधी जे नाही ते पाहा. 'सजेस्ट मी' कुठेही नाही. 'सजेस्ट टू मूव्ह' नाही. 'टू' आहे, पण त्याच्यामागे माणूस आहे, क्रिया नाही. न सापडणं ही सुद्धा माहिती असते, मात्र ओळी पुरेशा असल्या तरच. पाच ओळींत एखादी बांधणी दिसली नाही म्हणून ती नाहीच, असं म्हणता येत नाही. तीस ओळींखाली निष्कर्ष काढू नये, आणि शंभराच्या पुढे डोळे थकून सगळंच सारखं दिसायला लागतं.

आता नजर डावीकडे न्या. कर्ता माणूस आहे की वस्तू? माणूस असेल तर 'सजेस्ट' म्हणजे सुचवणं, आणि 'दॅट'च्या पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं: 'बी पेड', 'दे वेट', 'ही गो'. ब्रिटिश लिखाणात तिथे 'शूड बी पेड' असंही सर्रास दिसतं. कर्ता आकडे, अहवाल, पुरावा असा काही असेल तर 'सजेस्ट' म्हणजे 'यावरून असं दिसतं', आणि पुढे नेहमीचा काळ: 'हॅव पिक्ड अप'. म्हणजे "द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट ही वॉज लेट" आणि "आय सजेस्ट दॅट ही बी ऑन टाइम" ही एका क्रियापदाची दोन वेगळी कामं आहेत. उजवीकडचा शब्दच पाहणाऱ्याला हे दिसत नाही. अनेक जण इथेच चुकतात: 'दॅट' सापडला की थांबतात. डावीकडून एकदा क्रम लावून परत वाचायला दोन मिनिटं जास्त लागतात.

सर्च इंजिनमध्ये वाक्य टाकून किती निकाल आले ते मोजायची सवय मात्र सोडा. तो आकडा अंदाजे असतो, आणि 'ही चूक करू नका' असं सांगणारी पानंही चुकीच्या खात्यात मोजली जातात.

'टू' बद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण "आय लुक फॉरवर्ड टू मीट यू" दर दुसऱ्या मेलच्या शेवटी असतं. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक क्रियापदाला चिकटलेला, 'वॉन्ट टू गो' मधला. दुसरा नामाआधी येणारा, मराठीतल्या 'ला' किंवा 'कडे'सारखा. कोणता आहे ते ओळखायला त्याच्यामागे एखादं नाम ठेवून बघा. "आय लुक फॉरवर्ड टू द मीटिंग" बसतं, म्हणजे हा दुसरा 'टू'. त्याच्यामागे क्रिया आली तर 'आयएनजी' घेऊनच येईल: "टू मीटिंग यू". "आय वॉन्ट टू द मीटिंग" बसत नाही, म्हणजे तो पहिला. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'विथ अ व्ह्यू टू', 'सवय आहे' या अर्थाचा 'बी यूज्ड टू', हे सगळे या चाचणीत नीट उतरतात. 'ॲग्री' मात्र चाचणीला फसवतो. "ॲग्री टू द टर्म्स" बसतं, तरीही "ॲग्री टू पे" हेच बरोबर, 'पेइंग' नाही. त्याला दोन्ही 'टू' चालतात. अशा शब्दांसाठी परत ओळींकडेच जावं लागतं.

मग "प्लीज लेट मी नो व्हेन विल यू सेंड द फाइल". सुट्या प्रश्नात 'विल यू' असा उलटा क्रम लागतो, तो आपण घोटून पाठ केलेला असतो, आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला तरी तसाच नेऊन ठेवतो. पोटात गेलेल्या प्रश्नाचा क्रम सरळ होतो: "व्हेन यू विल सेंड". 'डू', 'डज', 'डिड' असतील तर ते पूर्ण गळतात: "आय डोन्ट नो व्हेअर ही सिट्स". संग्रहात 'नो व्हेन', 'नो व्हेअर' असे जोडशब्द शोधा आणि तिसरा शब्द बघत जा. 'नो हू' शोधलंत तर गोंधळाल, कारण "लेट मी नो हू इज कमिंग" मध्ये काहीच बदललेलं दिसत नाही. तिथे 'हू' स्वतःच कर्ता आहे, मुळात उलटं काही नव्हतंच.

काळाची एकच चूक वारंवार दिसते, ती म्हणजे "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स". 'दोन वर्षांपासून काम करतोय' याची ती सहीसही नक्कल आहे. 'सिन्स'मागे क्षण लागतो, साल किंवा महिना. लांबी सांगायला 'फॉर', आणि क्रियापद 'हॅव बीन वर्किंग'.

आता भारतीय इंग्रजीचा मुद्दा, कारण लाल खूण म्हणजे प्रत्येक वेळी चूक असं नसतं. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात गेला आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. 'डू द नीडफुल' हा जुन्या ब्रिटिश कचेऱ्यांचा वारसा आहे. मेल नरिमन पॉइंटहून वांद्रे-कुर्ला संकुलात जात असेल तर कोणी अडणार नाही. लंडनला जात असेल तर नेमकं काम लिहा, कारण तिथल्या वाचकाला 'नीडफुल' म्हणजे काय करायचं हेच कळत नाही. 'प्लीज रिव्हर्ट' जास्त धोक्याचा. आपल्याकडे त्याचा अर्थ 'उत्तर द्या'. बाहेर त्याचा पहिला अर्थ 'पूर्वस्थितीला जा'. सॉफ्टवेअरवाल्याला पाठवलात तर केलेला बदल परत फिरवून ठेवील.

'ओन्ली' आणि 'ईव्हन' यांचं मूळ तर थेट आपल्या 'च' आणि 'पण' मध्ये आहे. "आय सेंट इट यस्टरडे ओन्ली" म्हणजे कालच पाठवलं. "ईव्हन आय वॉज देअर" म्हणजे मीपण होतो. पहिलं बाहेरच्याला विचित्र वाटतं, पण अर्थ कळतो. दुसऱ्याचा अर्थच बदलतो: 'माझ्यासारखा माणूससुद्धा तिथे होता, विचार करा!' साध्या 'मीपण'साठी "आय वॉज देअर टू" पुरे. 'च' ला इंग्रजीत एक शब्द नाही. तिथे बहुधा वाक्य फिरवावं लागतं, "इट वॉज यस्टरडे दॅट आय सेंट इट", किंवा बोलताना 'यस्टरडे'वर जोर देऊन भागतं.

सरावाला एक शब्द हवा असेल तर 'माइंड' घ्या. लोकल गाडीत 'माइंड द गॅप' रोज ऐकू येतं. तिथे 'माइंड – काय', म्हणजे सांभाळा. आता तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी कोणाला 'थोडं सरकता का' असं इंग्रजीत विचारायचं झालं तर "वूड यू माइंड मूव्हिंग अ लिटल?" म्हणजे 'माइंड – करणं', आयएनजीसह, 'टू मूव्ह' नाही. खिडकी मी उघडणार असेन तर "डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?" आणि सुरुवात 'वूड'ने केली की काटेकोर लिखाणात पुढचं क्रियापद भूतकाळी रूप घेतं: "वूड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?" यात भूतकाळाचा अर्थ काहीही नाही, फक्त अदब आहे. उत्तराची गंमत वेगळीच. शब्दशः प्रश्न 'तुमची हरकत आहे का' असा असल्याने 'येस' म्हणजे हरकत आहे. डब्यात माणूस 'येस, येस' म्हणत सरकतो आणि कोणाचंच काही अडत नाही, कारण सरकलेलं दिसतं. मेलमध्ये ते दिसत नाही. "वूड यू माइंड सेंडिंग द शीट टुडे?" याला नुसतं 'येस' लिहिलं तर समोरचा दुपारभर विचार करत बसेल. तिथे "नॉट ॲट ऑल, आय विल सेंड इट बाय फोर" असं लिहून टाकावं.